रीत, घटना आणि ग्रांथिक भूतकाळ : फ्रेंच 'पासे सँप्ल' व मराठी ई-आख्यात

१

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या मार्गावर, सेलू तालुक्यात, केळझर हे गाव आहे. सिद्धिविनायकाचे मंदिर आणि जुन्या किल्ल्याचे अवशेष यांमुळे ते विदर्भात परिचित आहे. महाभारताच्या आदिपर्वातील एकचक्रा नगरी ती हीच, आणि भीमाने बकासुराचा वध केला तोही येथेच, अशी स्थानिक परंपरा आहे. असाच दावा सांगणारी इतरही गावे भारतात आहेत. प्रस्तुत लेखाचा संबंध या दाव्याच्या खरेखोटेपणाशी नसून, ही कथा ज्या क्रियापदांनी सांगितली जाते त्या क्रियापदांशी आहे.

बकासुराच्या कथेची घडण काळाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तिच्यात एक रीत आहे आणि एक घटना आहे. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस असा कर नगरीला पाळीपाळीने द्यावा लागतो, ही रीत. भीम एके दिवशी स्वतःच जातो आणि राक्षसाला मारतो, ही घटना. ग्रांथिक मराठीत रीत अशी सांगता येईल : 'नगरीतून पाळीपाळीने एक माणूस जाई, राक्षस त्याला खाई.' घटना मात्र 'भीम गेला, त्याने राक्षसाला मारले' अशी सांगावी लागेल. याच कथेची वाक्ये वर्ध्याकडच्या बोलीत साधारणतः अशी होतील : 'त्याले रोज एक मानूस लागे म्हने. मंग भीमानं त्याले मारलं.'

दोन्ही मराठींत घटनेचे क्रियापद एकाच जातीचे, 'ला'कारान्त आहे. रीतीचे क्रियापदही दोन्हींकडे मुळात एकच आहे : 'जाई', 'खाई', 'लागे' ही सारी ई-आख्याताची रूपे होत. परंतु पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'जाई' हे रूप पुस्तकी, काहीसे काव्यात्म वाटते. तोंडी बोलताना तो 'जायचा' म्हणतो. केळझरच्या परिसरातील बोलीत मात्र हेच रूप रोजच्या व्यवहारातले आहे. एकच आख्यात एका ठिकाणी ग्रंथाचे आणि दुसऱ्या ठिकाणी घरचे, असे का व्हावे? व्याकरणात आणि समीक्षेत 'ग्रांथिक काळ' असे ज्याला म्हटले जाते त्याचे स्वरूप नेमके काय असते? या प्रश्नाचा सर्वांत अधिक विचार फ्रेंच भाषेच्या संदर्भात झालेला आहे, म्हणून आरंभी तिकडे वळणे उपयुक्त ठरेल.

२

फ्रेंचमध्ये 'पासे सँप्ल', म्हणजे साधा भूतकाळ, या नावाने ओळखले जाणारे आख्यात आज बोलण्यात जवळजवळ वापरले जात नाही. कथा-कादंबरी, इतिहासलेखन आणि परीकथा यांत ते आढळते. फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते पुष्कळदा उशिरा आणि केवळ ओळखण्यापुरते शिकविले जाते. नियमित धातूंची त्याची रूपावली अवघड नाही. पहिल्या गणातील 'पार्ले' (बोलणे) या धातूची रूपे उच्चाराप्रमाणे अशी होतात : मी 'पार्ले', तू 'पार्ला', तो किंवा ती 'पार्ला', आम्ही 'पार्लाम', तुम्ही 'पार्लात', ते 'पार्लेर'. दुसऱ्या गणातील 'फिनीर' (संपविणे) या धातूत 'आ'ची जागा 'ई' घेते : एकवचनी तिन्ही पुरुषी 'फिनी', अनेकवचनी 'फिनीम', 'फिनीत', 'फिनीर'. तिसऱ्या गणातील 'वाँद्र' (विकणे) यासारखे नियमित धातूही हीच 'ई'ची वाट धरतात : 'वाँदी', 'वाँदीम', 'वाँदीत', 'वाँदीर'. म्हणजे नियमित धातूंचे सारे रूपवैविध्य 'आ' आणि 'ई' या दोन स्वरांच्या भेदावर मुख्यतः उभे आहे.

ही रूपे लॅटिनच्या पूर्णभूतकाळापासून थेट उतरलेली आहेत. त्यांच्या शेजारी फ्रेंचमध्ये दुसरी एक रचना वाढत गेली : 'असणे' किंवा 'जवळ असणे' या अर्थाचे सहायक क्रियापद आणि भूतकालवाचक धातुसाधित. हिला 'पासे काँपोझे', संयुक्त भूतकाळ, म्हणतात. आरंभी ही रचना वर्तमानाशी जोडलेल्या भूतकाळाची होती. 'बोललो आहे' या मराठी रूपाशी तिचे साम्य होते. १६६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोर-रॉयालच्या व्याकरणाने या दोहोंत सीमारेषा सांगितली ती दिवसाची : आज घडलेल्या गोष्टीसाठी साधा भूतकाळ वापरू नये, निदान एक दिवस मध्ये गेलेला असावा. संस्कृतज्ञाला येथे पाणिनीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात लङ् हा लकार 'अनद्यतन', म्हणजे आजचा नव्हे अशा, भूतकाळासाठी सांगितला आहे, आणि लिट् हा वक्त्याच्या 'परोक्ष' घडलेल्या भूतकाळासाठी. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन व्याकरणपरंपरांनी भूतकाळाचे विभाजन 'आज' या शब्दाने करावे, ही गोष्ट बोधप्रद आहे. क्रिया किती जुनी आहे, यापेक्षा ती बोलणाऱ्याच्या आजशी जोडलेली आहे की नाही, हा मुळातला भेद आहे.

फ्रेंचमध्ये पुढे ही सीमारेषा टिकली नाही. संयुक्त भूतकाळाने बोलण्यातील सारे क्षेत्र क्रमाने व्यापले आणि साधा भूतकाळ लेखनात उरला. आंत्वान मेये यांनी १९०९ मध्ये साध्या भूतकाळाच्या लोपावर स्वतंत्र लेख लिहून दाखविले की, ही घटना एकट्या फ्रेंचची नाही. जर्मन आणि इतर भाषांतही एकेरी भूतकालरूपे मागे पडून सहायक क्रियापदाच्या रचना पुढे आलेल्या आहेत. उच्चारांची सरमिसळ हेही एक कारण सांगितले जाते. 'मी पार्ले' हे रूप अनेकांच्या उच्चारात अपूर्णभूतकाळाच्या रूपाहून वेगळे ऐकू येत नाही, आणि 'फिनी' हे एकवचन वर्तमानकाळातही तसेच आहे. तथापि एवढ्याने लोप अटळ ठरत नाही. स्पॅनिशमध्ये आणि गोमंतकाच्या इतिहासामुळे मराठी वाचकाला जवळच्या असलेल्या पोर्तुगीजमध्ये याच कुळातील साधी भूतकालरूपे आजही बोलण्यात आहेत. इटालियनमध्ये ती उत्तरेत मागे पडली, दक्षिणेत टिकली. म्हणजे तेच आख्यात एका प्रदेशात ग्रांथिक आणि दुसऱ्या प्रदेशात बोलीतले असू शकते, हे केळझरच्या उदाहरणात दिसलेले चित्र युरोपातही आहे.

३

मराठीची गोष्ट फ्रेंचशी ताडून पाहताना पहिली अडचण अशी येते की, मराठीत 'पासे सँप्ल'चा वंशज शोधू गेल्यास तो सापडत नाही. संस्कृतातील लङ्, लुङ् आणि लिट् ही तिन्ही भूतकालवाचक आख्याते प्राकृतांच्या काळातच क्षीण झाली. महाभारतातील 'उवाच', 'जगाम' ही लिट्‌ची रूपे आपण ज्या सहजतेने वाचतो, त्या सहजतेने ती मराठीच्या पूर्वज बोलींना बोलता येत नव्हती. त्यांच्या जागी 'गत', 'कृत' यांसारखी धातुसाधिते आली. त्यांना लकारयुक्त प्रत्यय लागून 'गेला', 'केला' ही रूपे सिद्ध झाली. लाख्यात म्हणजे मुळात विशेषण होय. म्हणूनच ते लिंग आणि वचन पाळते, आणि सकर्मक धातूंच्या बाबतीत कर्त्याऐवजी कर्माशी जुळते : 'त्याने पोथी वाचली', 'तिने ग्रंथ वाचला'.

म्हणजे धातुसाधिताने साध्या आख्याताला हटविण्याची जी प्रक्रिया फ्रेंचमध्ये अलीकडच्या शतकांत पुरी झाली, ती मराठी जन्माला येण्यापूर्वीच येथे पुरी झालेली होती. वंशाच्या दृष्टीने 'केला' हा 'पासे सँप्ल'चा नव्हे, तर 'पासे काँपोझे'चा भाऊबंद आहे. हा केवळ भाषाशास्त्रीय तपशील नाही. 'पासे सँप्ल'चे मराठीकरण 'साधा भूतकाळ' असे केले की 'केला', 'गेला' हेच त्याचे मराठी प्रतिरूप असा समज सहज होतो. कार्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे, कारण कथेतील घटना मराठीत लाख्यातच सांगते. परंतु प्रतिष्ठेच्या दृष्टीने तो साफ चुकीचा आहे. लाख्यात हे शेतातल्या बोलण्यात, बाजारात, पत्रात आणि कादंबरीत सारखेच वावरते. त्याच्या अंगावर वाङ्मयाचे कोणतेही चिन्ह नाही.

ग्रांथिकतेचे चिन्ह मराठीत दुसऱ्याच आख्यातावर आहे, आणि ते आख्यात भूतकाळाचे नव्हतेच.

४

ई-आख्यात हे संस्कृतच्या वर्तमानकाळाचे, लट्‌चे, सरळ वंशज आहे. 'करोति' या रूपाच्या जागी प्राकृतात आलेल्या 'करइ' यासारख्या रूपापासून 'करी' आले. यादवकालीन मराठीत, ज्ञानेश्वरीत (शके १२१२, म्हणजे १२९०), 'करी', 'बोले', 'म्हणे' ही प्रामुख्याने वर्तमानकाळाची रूपे आहेत. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात (१९२०) या आख्याताचा इतिहास मांडला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेल्या मराठी अनुवादामुळे ('मराठी भाषेचा विकास', १९४१) तो मराठी अभ्यासकांच्या हाती आला. ब्लॉक हे मेये यांच्याच अभ्यासपरंपरेतले. साध्या भूतकाळाच्या लोपाचा विचार जेथे चालू होता त्याच वर्तुळात मराठी क्रियापदाचा पहिला मोठा ऐतिहासिक अभ्यास घडला, हा योग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

वर्तमानकाळाच्या या जुन्या आख्याताला पुढे प्रतिस्पर्धी मिळाला तो 'करीत' या वर्तमान धातुसाधितापासून बनलेल्या ताख्याताचा : 'करितो', 'करतो'. ताख्यात रूढ होत गेले तसतसे ई-आख्यात वर्तमानातून बाहेर ढकलले गेले. अशा प्रसंगी जुने रूप कोठे जाऊन विसावेल याला एकच नियम नाही. बंगालीत ते वर्तमानातच राहिले. हिंदीत 'करे', 'जाए' यांना इच्छा वा संभावना यांचा अर्थ आला. मराठीत मात्र ते भूतकाळाकडे सरकले आणि पूर्वी पुनःपुन्हा घडणाऱ्या क्रियेचे, म्हणजे रीतिभूतकाळाचे, वाचक झाले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीमुळे ज्या वर्ध्याचे नाव हिंदीशी जोडले गेले, त्याच जिल्ह्यात 'वह जाए' आणि 'तो जाये' ही दोन वाक्ये शेजारी नांदतात. पहिले न घडलेल्याविषयी बोलते, दुसरे अनेकदा घडून गेलेल्याविषयी.

वर्तमानातून रीतिभूतात हे संक्रमण कसे झाले असावे? वर्तमानकाळ केवळ या क्षणाचा नसतो; तो नित्याचाही असतो. 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे विधान आजच्या सकाळपुरते नाही. ताख्याताने चालू क्षण घेतला तेव्हा जुन्या रूपाकडे हा नित्याचा अर्थ उरला, आणि कथनाच्या ओघात तो भूतकाळात स्थिर झाला. लीळाचरित्रासारख्या ग्रंथात एकेक प्रसंग लाख्यातात आणि स्वामींचा नित्यक्रम ई-आख्यातात सांगण्याची जी पद्धत आढळते, तिच्यात या संक्रमणाची पायवाट दिसते. पद्यात मात्र जुना अर्थ दीर्घकाळ टिकला. श्रीधराच्या पांडवप्रतापासारख्या (१७१२) आख्यानकाव्यात 'म्हणे', 'धावे' ही रूपे एकदाच घडलेल्या क्रियांसाठीही येतात; संतांच्या नाममुद्रेतील 'म्हणे' हे रूप याच परंपरेचे. अगदी विसाव्या शतकातही विनोबांच्या गीताईत (रचना १९३०–३१, वर्धा) ई-आख्यात नित्यसत्याच्या वर्तमान अर्थाने सुखाने वावरते. विनोबांनी शालेय वयात बडोद्याला फ्रेंचचा अभ्यास केला होता; ग्रंथात जगणाऱ्या काळाची ओळख त्यांना दोन्ही बाजूंनी असणार.

या आख्याताची रूपावली 'पासे सँप्ल'च्या रूपावलीशेजारी ठेवली तर तीन साम्ये समोर येतात. पहिले, नियमित धातूंचे येथेही स्वरावरून दोन वर्ग पडतात : 'बसे, बसेस, बसे, बसत' आणि 'सोडी, सोडीस, सोडी, सोडीत'. फ्रेंचमध्ये 'आ' आणि 'ई', तर मराठीत 'ए' आणि 'ई'. दुसरे, हे आख्यात लिंगभेद जाणत नाही : तो बसे, ती बसे, ते बसे. 'पासे सँप्ल'चेही तसेच आहे. उलट धातुसाधितापासून आलेल्या नव्या रचना, फ्रेंच संयुक्त भूतकाळाची काही रूपे आणि मराठीतील 'बसतो-बसते', 'बसला-बसली', लिंगाप्रमाणे बदलतात. जुने आख्यात क्रियेची नोंद करते, नवे कर्त्याचे वा कर्माचे वर्णनही करते. तिसरे साम्य पुरुषाविषयीचे आहे. एमिल बेंव्हेनिस्त यांनी १९५९ मधील आपल्या निबंधात दाखविले की, 'पासे सँप्ल' हा प्राधान्याने तृतीय पुरुषाचा काळ होऊन राहिला आहे. 'पार्लाम', 'पार्लात' ही रूपे तर रूपावलीतच उरली आहेत. प्रमाण मराठीत नेमके हेच झाले. 'आम्ही सोडू' हे रूप भविष्याच्या 'सोडू'शी आणि 'तुम्ही सोडा' हे आज्ञार्थाशी मिसळून गेले. परिणामी लेखनात खऱ्या अर्थाने चलनात राहिली ती 'जाई', 'बसे', 'सोडी', 'जात' ही तृतीय पुरुषाची रूपे.

५

आता पहिल्या प्रश्नाकडे परतता येईल. मराठीत रीतिभूतासाठी आज तीन रचना उपलब्ध आहेत : 'तो जाई', 'तो जात असे' आणि 'तो जायचा'. पहिली ग्रांथिक, दुसरी औपचारिक, तिसरी बोलण्यातली, अशी त्यांची वाटणी सामान्यतः सांगितली जाते. ही वाटणी प्रमाण मराठीपुरती खरी आहे. प्रमाण मराठीतही ती पूर्णतः खरी नाही. 'मूल काही केल्या झोपेना', 'गाडी सुरू होईना' ही वाक्ये कोणीही बोलतो, आणि त्यांतील क्रियापद ई-आख्याताचेच आहे; शिवाय तेथे रीतीचा अर्थ नसून एकाच प्रसंगाचा अर्थ आहे. 'देव तारी त्याला कोण मारी' या म्हणीत ते वर्तमानात आहे. आणि 'म्हणे' हे अव्यय, जे ऐकीव माहितीची जबाबदारी बोलणाऱ्याच्या अंगावरून काढून घेते, ते या आख्याताचेच अश्मीभूत रूप होय. पाणिनीने लिट्‌ला दिलेला 'परोक्ष' अर्थ मराठीत या एका शब्दाने सांभाळला आहे. एकचक्रा नगरीची कथा केळझरला सांगितली जाते तेव्हा परोक्षतेचा सारा भार हे 'म्हणे' वाहते.

वर्ध्याकडील बोलीत याहून पुष्कळ अधिक उरले आहे. 'तो जाये', 'थे राहे', 'असं करे' ही रूपे तेथे रीतिभूताची नेहमीची रूपे आहेत. आणि लक्षणीय म्हणजे प्रथम पुरुषाचे रूपही जिवंत आहे : 'मी जावो', 'आमी खेळो'. भविष्याच्या 'जाऊ'पासून हे रूप वेगळे राहिले, म्हणून ते टिकले. प्रमाण मराठीच्या ई-आख्याताला 'आम्ही' उरलेला नाही. या बोलीच्या ई-आख्याताला तो आहे. त्याचबरोबर 'करी' या रूपाच्या जागी 'करे' आलेले दिसते, म्हणजे 'ए' आणि 'ई' या दोन वर्गांतील भेद पुसून एकच वर्ग होऊ लागलेला आहे.

या दुसऱ्या गोष्टीला फ्रेंचमध्ये तंतोतंत जोड मिळते. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील सेंट मेरी उपसागराच्या किनाऱ्यावर अकादी फ्रेंच बोलणारा समाज आहे. त्याच्या बोलीत साधा भूतकाळ आजही ऐकू येतो. पण तेथे पहिल्या गणाच्या धातूंनीही 'ई'ची वाट धरली आहे. 'पार्ला'च्या जागी 'पार्ली', 'पार्लेर'च्या जागी 'पार्लीर' अशी ती रूपे आहेत. पॅरिसच्या व्याकरणाला ही चूक वाटेल. वस्तुतः ही जिवंतपणाची खूण आहे. जे आख्यात तोंडी वापरले जाते ते झिजते, सारखे होते, आपले अपवाद टाकून देते. जे केवळ ग्रंथात असते त्याचे गण आणि स्वर शतकानुशतके अबाधित राहतात, कारण त्यांना धक्का लावणारे तोंडच उरलेले नसते. व्याकरणात 'जाई', 'करी' यांची, किंवा 'पार्लाम', 'फिनीम' यांची, रूपावली जी नीटनेटकी दिसते ती भाषेच्या सुदृढपणामुळे नव्हे, तर वापराच्या अभावामुळे.

मराठीतील या स्थितीची एक सामाजिक बाजू आहे, आणि ती विसरता येत नाही. दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणापासून (१८३६) मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत (१९११) मराठी व्याकरणाने जी भाषा समोर ठेवली ती प्राधान्याने पश्चिम महाराष्ट्रातील शिष्टांची होती. या भाषेत ई-आख्यात बोलण्यातून मागे पडले, म्हणून ते 'ग्रांथिक' ठरले. वर्ध्याकडचे मूल 'आमी जावो' म्हणते तेव्हा त्याला 'आम्ही जायचो' असे म्हणावयास शिकविले जाते, आणि पुढे तेच मूल पाठ्यपुस्तकात 'जाई' वाचते तेव्हा ती वाङ्मयीन भाषा असल्याचे त्याला सांगितले जाते. घरच्या क्रियापदाला एका तासाला गावंढळ आणि दुसऱ्या तासाला काव्यात्म म्हटले जात आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येऊ नये अशीच ही व्यवस्था आहे. तेव्हा 'ग्रांथिक' हे विशेषण रूपाचा गुण सांगत नाही. ते कोणत्या प्रदेशाची बोली ग्रंथाने प्रमाण मानली याची नोंद करते.

६

समीक्षेच्या दृष्टीने या इतिहासाचा निष्कर्ष कोणता?

रोलाँ बार्थ यांनी १९५३ मध्ये, लेखनाच्या शून्यावस्थेविषयीच्या आपल्या पुस्तकात, 'पासे सँप्ल'कडे साहित्याचे चिन्ह म्हणून पाहिले. त्यांच्या मते हा काळ घटना केव्हा घडली हे सांगण्यापेक्षा, वास्तवाला क्रम आणि कारणपरंपरा आहे, असे आश्वासन देतो. तो आला की वाचकाला कळते, आपण एका रचलेल्या, सुरक्षित जगात आहोत. बेंव्हेनिस्त यांनी 'इतिहास' आणि 'संभाषित' असे उच्चाराचे दोन स्तर कल्पून 'पासे सँप्ल'ला पहिल्या स्तराचा मुख्य काळ मानले : तेथे कोणी बोलत नाही, घटना जणू स्वतःच स्वतःला सांगतात. आल्बेर कामू यांनी १९४२ मधील 'परका माणूस' या अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीत मुख्यतः संयुक्त भूतकाळ वापरला तेव्हा फ्रेंच वाचकाला जो धक्का बसला, तो याच पार्श्वभूमीवर. सार्त्र यांनी पुढच्याच वर्षी त्यावर लिहिताना, या काळामुळे वाक्ये एकमेकांपासून तुटून बेटांसारखी उभी राहतात, असे निरीक्षण केले.

मराठी समीक्षेने कथनमीमांसेच्या या संकल्पना गेल्या काही दशकांत आपल्याशा केल्या आहेत. परंतु त्या 'गेला', 'केला' या रूपांना लावल्या की निष्फळ ठरतात. लाख्यात हे 'इतिहास' आणि 'संभाषित' या दोन्ही स्तरांचे आहे. त्याचा स्वीकार वा त्याग करून मराठी कादंबरीकार साहित्याच्या संकेताविषयी काहीही सांगू शकत नाही. कामूंची कादंबरी मराठीत आणताना हीच अडचण येते. संयुक्त भूतकाळाची तिची वाक्ये 'गेलो', 'म्हणालो' अशी होतील, आणि एखाद्या पारंपरिक फ्रेंच कादंबरीतील 'पासे सँप्ल'ची वाक्येही तशीच होतील. 'गेलो आहे' असे करावे तर मराठी वाक्य कथनाचे राहत नाही. येथे मराठीत काही उणे आहे, असे समजण्याचे कारण नाही. मराठीने आपली निवड दुसरीकडे ठेवली आहे, एवढेच.

ती निवड रीतीच्या ठिकाणी आहे. फ्रेंचमध्ये रीत अपूर्णभूतकाळात सांगितली जाते आणि हा काळ बोलण्यात व लेखनात सारखाच चालतो; दुभंग आहे तो घटनेच्या काळात. मराठीत घटनेचा काळ एकच आहे. दुभंग आहे तो रीतीच्या काळात. फ्रेंचने घटनेला ग्रांथिक काळ दिला, मराठीने रीतीला. फ्लोबेरच्या शैलीवर १९२० मध्ये लिहिताना प्रूस्त यांनी त्याच्या अपूर्णभूतकाळाचे मोल विशेषत्वाने सांगितले. जेरार जनेत यांनी १९७२ मध्ये अनेकदा घडलेले एकदाच सांगणाऱ्या कथनाला 'आवर्ती' कथन म्हणून वेगळे काढले आणि त्यासाठी प्रूस्तचाच आधार घेतला. या लेखकांचा मराठी अनुवादक घटनेपाशी अडत नाही. 'तो जाई' म्हणावे, 'तो जात असे' म्हणावे की 'तो जायचा' म्हणावे, येथे तो अडतो. फ्रेंचला एकच रूप पुरते, मराठीला तिन्हींतून एक निवडावे लागते. आणि निवड झाली की निवेदक कोण, तो कोठला, तो लिहितो आहे की बोलतो आहे, हे ठरून जाते. बार्थ यांनी 'पासे सँप्ल'मध्ये जी संकेतशक्ती पाहिली ती मराठीत येथे शोधावयास हवी. व्यक्तिचित्रे, आठवणी, गावगाड्याचे वर्णन, बालपणाचे कथन हे रीतिप्रधान गद्यप्रकार तिचे स्वाभाविक क्षेत्र होत.

या शोधात पुरुषाचा विचार निर्णायक ठरेल. प्रमाण मराठीच्या ई-आख्यातात 'आम्ही' नसल्याने ते दुसऱ्याची रीत सांगते, आपली नाही. 'आजोबा पहाटे उठत, नदीवर जात' असे लिहिणारा निवेदक स्वतःवर आला की 'आम्ही जात असू' किंवा 'आम्ही जायचो' असे म्हणू लागतो. स्वतःचा भूतकाळ आणि पूर्वजांचा भूतकाळ यांत येथे क्रियापदच भिंत घालते. वर्ध्याकडच्या बोलीत ही भिंत नाही. आजोबा 'जाये' आणि आम्ही 'जावो', दोन्ही एकाच आख्यातात. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीपासून विदर्भातील कथात्म साहित्यात, निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत, ही विभागणी परिचित झाली आहे. अशा कृतींत अवतरणचिन्हाच्या अलीकडे येणारे ई-आख्यात साहित्याचे म्हणून वाचले जाते आणि पलीकडे येणारे तेच आख्यात वास्तवाचे म्हणून. दोन्हींकडचे क्रियापद एकच आहे हे ओळखून वाचणे, आणि मग निवेदकाच्या व पात्रांच्या भूतकाळातील अंतर मोजणे, हे काम व्हावयाचे आहे.

७

'पासे सँप्ल'च्या रूपावलीकडे पाहण्याची दृष्टी यामुळे बदलते. फ्रेंचच्या विद्यार्थ्याला ती स्मारकासारखी वाटते : पाठ करावी, ओळखावी आणि बोलताना विसरावी. परंतु ज्या भाषेत स्मारक उभे आहे तिच्याच एखाद्या दूरच्या किनाऱ्यावर ते आख्यात रूप बदलून जगत असते, आणि त्याचे तेथील रूप अशुद्ध मानले जात असल्यामुळे स्मारकाशी असलेले त्याचे नाते कोणी सांगत नाही. मराठीतील ई-आख्याताचा इतिहास वर्तमानातून भूतकाळात, घटनेतून रीतीत आणि बोलण्यातून ग्रंथात असा सांगितला जातो. त्यातील पहिली दोन संक्रमणे खरी आहेत, काही अवशेष मागे ठेवून झालेली आहेत. तिसरे संक्रमण सर्व मराठीचे नाही. ते ज्यांनी केले त्यांनी व्याकरण लिहिले, म्हणून ते सर्वांचे मानले गेले.

मराठीच्या काळव्यवस्थेचा ऐतिहासिक विचार यापुढे करताना ज्ञानेश्वरी आणि लीळाचरित्र यांच्या पोथ्यांबरोबरच सेलू-केळझरच्या बोलीतील 'जाये' आणि 'जावो' ही रूपेही पुराव्यात घ्यावी लागतील. पोथीतील 'करी' आणि बोलीतील 'करे' हे एकाच आख्याताचे दोन साक्षीदार आहेत. पहिल्याची साक्ष आजवर व्याकरणाने नोंदविली, दुसऱ्याची नोंदवावयाची राहिली आहे.